फास्टॅगमध्ये बॅटरी नसते, मग टोलनाक्यावर तो वाचला कसा जातो? आणि पैसे असूनही कधी कधी गाडी का अडते?

टॅगला वीज नाक्यावरचा रीडर पुरवतो. लेनच्या वर तिरपा बसवलेला अँटेना ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. तुमच्या काचेवरच्या स्टिकरमध्ये धातूचा पातळ अँटेना आणि मोहरीहून लहान चिप, एवढंच असतं. लहरीची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर आणि अँटेना लागतो तिच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून तो नागमोडी करून स्टिकरमध्ये मावेल असा बनवतात. लहरींतून मिळालेल्या काही मायक्रोवॅट विजेवर चिप जागी होते. उत्तर द्यायला ती स्वतःची लहर सोडत नाही. आलेलीच लहर कधी जास्त, कधी कमी परतवते. आरशाने कवडसा हलवून खुणावावं तसं. त्या चढउतारातून रीडर क्रमांक ओळखतो. एकाच वेळी दोन-तीन टॅग टप्प्यात आले, तर प्रत्येक चिप एक यादृच्छिक आकडा निवडते आणि त्या क्रमाने बोलते, म्हणून सहसा गोंधळ होत नाही.

पैसे टॅगमध्ये नसतातच. टॅग फक्त ओळख सांगतो. हिशेब नाक्याची बँक, एनपीसीआय (बँकांमधले व्यवहार जुळवणारी राष्ट्रीय संस्था) आणि तुमची बँक यांच्यात होतो. म्हणूनच गाडी अडली की आधी पाहायचं: टॅग वाचला गेला नाही, की वाचला जाऊन नाकारला गेला?

नाकारला असेल तर खातं तपासा. शिल्लक कमी, केवायसी अपुरं, किंवा टॅग एका वर्गाचा आणि गाडी दुसऱ्या वर्गाची. अशा टॅगचं नाव काळ्या यादीत जातं, आणि नाक्यावर पोचल्यावर रिचार्ज केला तर त्या यादीतून नाव निघाल्याची नोंद तिथे पोचायला वेळ लागतो. घरून निघतानाच करा.

वाचलाच गेला नसेल तर दोष बहुधा काचेत किंवा चिकटवण्यात असतो. नाक्यावरच्या माणसाला हँडहेल्ड (हातात धरायचा) रीडर काचेजवळ धरायला सांगा. जवळून वाचला पण लेनमधून नाही, तर जागा चुकलीय: टॅग आतून, वरच्या बाजूला मध्यभागी, आरशामागे हवा. उष्णता परतवणाऱ्या काचेत किंवा फिल्ममध्ये धातूचा थर असेल, तर तो लहरी अडवतो. अशा काचेत कंपनीने आरशाजवळ थर नसलेला भाग ठेवला असेल तर टॅग तिथेच लावायचा. असा थर नसूनही जवळून वाचला नाही, तर बहुधा अँटेना तुटलाय. एकदा काढून पुन्हा चिकटवलेल्या टॅगचं हेच होतं, कारण सोलताना फाटावा अशीच त्याची रचना असते. नवा घ्या.

टॅग हातात धरून दाखवणं हा सगळ्यात वाईट उपाय. हाताच्या पेशींमधलं पाणी या लहरी शोषतं आणि अँटेनाची जुळणीही बिघडवतं. शिवाय काचेवर न चिकटवलेले टॅग काळ्या यादीत टाकण्याचं धोरण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलंय.

टॅग अवैध ठरला तर राष्ट्रीय महामार्गावर रोखीने दुप्पट, यूपीआयने सव्वापट टोल भरण्याचा नियम १५ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. पण टॅग वैध, पुरेशी शिल्लक, आणि बंद पडलंय ते नाक्याचं यंत्र, तर २०१८ च्या दुरुस्तीनुसार गाडी फुकट सोडायची असते आणि शून्य रकमेची पावती द्यायची असते. ती पावती मागून घ्या.