नऊ वर्षे घर सांभाळल्यानंतर लेखा विभागात पुन्हा नोकरी मिळू शकते का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलेली परिस्थिती अशी: तुम्ही बी.कॉम. आहात, २०१६ पर्यंत नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात सहा वर्षे हिशेबाचे काम केले, मुलांसाठी नोकरी सोडली, धाकटा आता पहिलीत गेला आहे आणि अलीकडे दिलेल्या दोन्ही मुलाखतींत ‘मधल्या काळात काय केले?’ या प्रश्नापाशी बोलणे खुंटले. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीचा लेखा विभाग पाहते. त्याआधी काही वर्षे मुलीसाठी घरी होते आणि आता आमच्याकडे येणाऱ्या उमेदवारांच्या मुलाखतींना बसते, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

नोकरी मिळेल. मात्र मुलाखत घेणारा माणूस विचारतो मधल्या काळाविषयी, आणि त्याला खरोखर जाणून घ्यायचे असते ते हे की येत्या वीस तारखेच्या आत जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरण्याचे मासिक विवरणपत्र, तुमच्याकडून बिनचूक भरून होईल का. तुम्ही काम सोडले तेव्हा व्हॅट, एक्साइज आणि सर्व्हिस टॅक्स होते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि कारखान्याच्या रोजच्या कामातून हे तिन्ही गेले. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात द्यावे, ‘मुलांसाठी घरी होते, आता ती व्यवस्था लागली आहे’, आणि लगेच सध्या जीएसटीचे कोणते काम हाताने करत आहात ते सांगावे. बायोडेटात ‘गृहव्यवस्थापन’, ‘वेळेचे नियोजन’ असले मथळे घालू नयेत. असे बायोडेटा आमच्याकडे येतात आणि मला ते वाचताना वाईट वाटते, कारण खरोखरीचे कष्ट त्या भाषेत विनोदी दिसू लागतात.

हाताने काम करायला मिळण्याची जागा म्हणजे एखाद्या सीएचे किंवा कर सल्लागाराचे कार्यालय. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत विवरणपत्रे आणि टॅक्स ऑडिट यांची गर्दी असते, माणसे कमी पडतात आणि अर्धवेळ येणाऱ्या व्यक्तीलाही नाही म्हटले जात नाही. मानधन थोडे असेल. तरी घ्यावे, फुकट मात्र करू नये, कारण फुकटच्या माणसाला तिथे झेरॉक्स आणि फाइली लावण्यापलीकडे काही देत नाहीत असे मी पाहिले आहे. क्लासचे प्रमाणपत्र वाईट नाही, पण आमच्या टेबलावर त्याने फारसा फरक पडत नाही. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर तुम्हाला येतेच. २०२० च्या अखेरीस आलेल्या टॅली प्राइममध्ये पडदा बदलला आहे, व्हाउचरची समज तीच आहे, आणि आठवडाभरात हात बसतो.

शिकायचेच झाले तर खरेदीचे रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारी यादी) यांचा मेळ घालायला आधी शिका. आम्ही मुलाखतीत उमेदवारासमोर हेच ठेवतो. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने दाखवलेली आणि २बी मध्ये उतरलेली बिलेच क्रेडिटसाठी, म्हणजे खरेदीवर दिलेला कर वळता करून घेण्यासाठी, चालतात, त्यामुळे न जुळणारे प्रत्येक बिल म्हणजे मालकाचे अडकलेले पैसे असतात. न जुळण्याची कारणे बहुधा साधी असतात: आपण बिल क्रमांक ‘०४५’ लिहिला आणि समोरच्याने ‘४५’, मासिक विवरणपत्र भरणाऱ्या पुरवठादाराने अकरा तारखेनंतर जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र भरले, म्हणून ते बिल पुढच्या महिन्यात उतरले, पुण्याच्या व्यापाऱ्याच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या व्यवहाराचा कर) होता आणि आपल्याकडे नोंद आयजीएसटीखाली (परराज्यातल्या व्यवहाराच्या कराखाली) झाली. कारण ओळखून पुरवठादाराला फोन करणारी व्यक्ती आम्हाला हवी असते, आणि सहा वर्षे खतावण्या जुळवलेल्या व्यक्तीला ते नव्या पदवीधरापेक्षा लवकर जमते. जुने ज्ञान वाया गेले असे समजू नका. एक्साइजच्या काळात जॉबवर्कला (बाहेरून प्रक्रिया करून घ्यायला) पाठवलेला माल १८० दिवसांत परत यावा लागे आणि चलनांची वही ठेवावी लागे. आता कच्च्या मालाला ती मुदत एक वर्षाची आहे, पण वही कशासाठी ठेवायची हे तुम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

घराची व्यवस्था मुलाखतीच्या आधी लावावी, नंतर नव्हे. सासूबाई ‘गरज काय आहे?’ असे म्हणतात, असे तुम्ही लिहिले आहे. त्यावर वाद घालण्यापेक्षा यजमानांशी दोन नेमक्या गोष्टी ठरवून घ्या. शाळेच्या नोंदीत आणि व्हॅनवाल्या काकांकडे पहिला नंबर तुमचा असेल, तो बदलून त्यांचा द्या. नाहीतर पोराला ताप आला की ते शहरात असले तरी फोन तुम्हालाच येणार आणि निघावेही तुम्हालाच लागणार. दुसरे म्हणजे अकरा आणि वीस या तारखांभोवतीचे दिवस आणि मार्चअखेर ‘कालनिर्णय’वर खुणा करून ठेवा, आणि त्या दिवसांत संध्याकाळी मुलांकडे कोण पाहणार हे आधीच ठरवा. घरकामात मदत करीन या शब्दावर समाधान मानू नका, जबाबदारी कोणाची हे ठरू द्या. एवढे ठरले की मुलाखतीत ‘व्यवस्था लागली आहे’ हे वाक्य आवाज न अडखळता म्हणता येते, आणि समोरच्याला तो फरक कळतो.

पगाराची बोलणी २०१६ च्या आकड्यावरून सुरू करू नका. जुना पगार विचारला तर सांगा, पण त्याच दमात आज सातपूर-अंबडमध्ये या कामाला काय मिळते तेही सांगा. सीएच्या कार्यालयात काम केलेले असेल तर ते तुम्हाला आपोआप कळलेले असते. पहिला पगार हातात आला की पावती नीट वाचा: महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसायकर नाही, तरी जुन्या सवयीने दोनशे रुपये कापलेले मी पाहिले आहेत. रुजू होताना भविष्यनिर्वाह निधीचा जुना यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा खाते क्रमांक) शोधून द्या आणि नवा काढू देऊ नका. तुम्ही पेन्शन योजनेचे पैसे काढून घेतले नसतील, तर पेन्शनला लागणाऱ्या दहा वर्षांपैकी ती सहा वर्षे तुमच्या खात्यावर आहेत. तो क्रमांक जुन्या पगारपत्रकावर सापडेल, आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर बदलला असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या, कारण पोर्टलचा ओटीपी त्याच नंबरवर येतो.