इंग्लंडच्या केअर होममधील अखेरची सेवा: अंबाजोगाईच्या ताईंस उत्तर

ताई, अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयातील नोकरी सोडून इंग्लंडच्या केअर होममध्ये, म्हणजे वृद्धांच्या निवासी सेवागृहात, परिचारिका म्हणून यावे का आणि तेथील मरणासन्न वृद्धांची सेवा आपल्याला झेपेल का, असे आपण विचारले आहे. आधी व्हिसाविषयी सांगतो. परदेशातून केअर वर्करची, म्हणजे रहिवाशांची रोजची देखभाल करणाऱ्या मदतनिसांची, नवी भरती २२ जुलै २०२५ पासून बंद आहे, म्हणून आपल्या घरातील कोणाला त्या कामासाठी पाठवतो असे सांगून पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. नोंदणीकृत परिचारिकांचा मार्ग खुला आहे.

सेवा आपल्याला निश्चित झेपेल. कठीण जाते ती जबाबदारी. आमच्या परभणीकडे माणूस अखेरच्या घटका मोजू लागला की नातेवाईक सलाईनचा आग्रह धरतात आणि निर्णय डॉक्टर घेतात. येथे इंग्लंडमध्ये रुग्णालयात हलवायचे की नाही, हृदय थांबल्यास ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करायचा की नाही, हे शक्यतो आधीच बोलून लिहून ठेवलेले असते. वेदनेसाठी मॉर्फिन, अस्वस्थतेसाठी मिडाझोलाम अशी औषधेही डॉक्टर आधीच लिहून देतात, परंतु रात्री तीन वाजता डॉक्टर इमारतीत नसताना ती केव्हा द्यायची हे परिचारिकेलाच ठरवावे लागते. हॉस्पिसच्या (मरणासन्न रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेच्या) किंवा रात्रपाळीच्या डॉक्टरांना फोन करून सल्ला विचारण्यात कोणताही कमीपणा नाही.

आपल्या हाताखालील केअर वर्कर, ज्यांतील अनेकांनी मृत्यू जवळून पाहिलेलाच नसतो, आपल्याकडे पाहून शिकतील. घशातली घरघर ऐकून ते घाबरतात. रुग्णाला हलकेच कुशीवर वळवून दाखवा आणि त्या आवाजाचा त्रास रुग्णापेक्षा ऐकणाऱ्यांना अधिक होतो, हे समजावून सांगा. मुलगी 'आईला पाणी का देत नाही?' असे विचारते तेव्हा आई शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर घोटभर पाणी द्यावे, अन्यथा ओल्या मऊ ब्रशने तोंड पुसावे, ओठांना मलम लावावे आणि तेच काम त्या मुलीच्या हाती द्यावे. तुळशीपत्राने पाणी घालणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळे शिकवावे लागत नाही.

मुलाखतीत पगाराइतकेच स्पष्टपणे विचारा, की रात्रपाळीला परिचारिका किती असतात, सिरिंज ड्रायव्हरचे (त्वचेखाली सावकाश, सतत औषध देणाऱ्या छोट्या यंत्राचे) प्रशिक्षण कोण देते आणि एखादा रहिवासी गेल्यावर कर्मचाऱ्यांना एकत्र बसून बोलायला वेळ देतात का. या शेवटच्या प्रश्नावर जेथे टाळाटाळ होईल, तेथे करारावर सही करू नका.