नमाज झाल्यानंतरचा दिवस

प्रिय बेटा,

अस्सलामु अलैकुम.

तुझं पत्र मिळालं. कोंढव्यातून रोज हिंजवडी, परत येईपर्यंत अंगात त्राण उरत नाही, मग दीनासाठी, धर्मासाठी, वेळ काढायचा कुठून, असं विचारतोस. नोकरी सोडून गावी एखादं दुकान टाकावं, असंही मनात येतं म्हणतोस. एवढ्यासाठी नोकरी सोडू नकोस. दुकानदाराला दीन सोपा जातो हा गैरसमज आहे. गल्ल्यावर बसणाऱ्याची परीक्षा तुझ्याहून कडक असते.

पत्रात तू नमाज किती कजा झाल्या, म्हणजे वेळ टळून राहिल्या, कुरआनची तिलावत किती दिवस राहिली, याचा सगळा हिशेब मांडला आहेस. तो मांडावासा वाटला, याचाच मला आनंद झाला. पण माणसांशी तुझं देणं-घेणं कसं चाललं आहे, याचा त्यात एक शब्द नाही. सहीह मुस्लिम या संग्रहात एक हदीस, म्हणजे प्रेषितांचं वचन, आहे. प्रेषितांनी (स.) सहाबांना, आपल्या सोबत्यांना, विचारलं, कंगाल कोणाला म्हणायचं? ते म्हणाले, ज्याच्याजवळ दिरहम नाही की सामान नाही, त्याला. प्रेषित म्हणाले, माझ्या उम्मतीतला कंगाल तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात (मालमत्तेतून गरिबांसाठी काढायचा हिस्सा) सगळं घेऊन येईल, पण कुणाला शिवी दिलेली असेल, कुणावर आळ घेतलेला असेल, कुणाचा माल खाल्लेला, कुणाला मारलेलं असेल. मग त्याची नेकी त्या माणसांना वाटून दिली जाईल, आणि ती पुरली नाही तर त्यांचे गुनाह त्याच्या डोक्यावर घातले जातील. ही हदीस वाचली की मला धडकी भरते. तुझ्याही मनात ती राहावी, म्हणून सगळ्यांच्या आधी लिहिली.

नमाजेचं आता सांगून टाकतो, कारण ते तुला वाटतं तितकं कठीण नाही. पुण्यात जोहरची, दुपारच्या नमाजेची, वेळ वर्षभर दुपारी साडेबाराच्या आगेमागे सुरू होते आणि पुढे तीन तास तरी राहते. चार रकात फर्जला, म्हणजे सक्तीच्या भागाला, पाच-सहा मिनिटं लागतात. रिकामी मीटिंग रूम, जिन्याजवळची स्वच्छ जागा, काहीही चालेल. मॅनेजरला एकदा सरळ सांग, चोरासारखं जाऊ नकोस. खरी ओढाताण मगरिबची, सूर्यास्तानंतरच्या नमाजेची. डिसेंबरात इथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातला, आणि बरोबर त्याच वेळी तू वाकडच्या आसपास बसमध्ये अडकलेला असतोस. म्हणून हिवाळ्यात मगरिब ऑफिसातच पढून निघ. एक बस चुकली तर चुकू दे. आणि एकदम तहज्जुदपर्यंत, रात्री उठून पढायच्या ऐच्छिक नमाजेपर्यंत, उडी मारू नकोस. प्रेषितांच्या पत्नी हजरत आयशांची (र.) रिवायत बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत आहे, की अल्लाहला सगळ्यांत प्रिय असतो तो नेमाने केलेला अमल, मग तो थोडा का असेना. पहिल्या जोशात रात्र रात्र जागून महिन्याभरात पहाटेची फजरही सोडून बसलेली पोरं मी पाहिली आहेत. आधी पाच वेळा सांभाळ.

वजूचं, नमाजेआधी हात-तोंड-पाय धुण्याचं, मात्र बजावून सांगतो. ऑफिसच्या बेसिनमध्ये पाय धुऊन खाली पाण्याचं थारोळं ठेवून येऊ नकोस. ते पुसायला हाउसकीपिंगची बाई येते, आणि तिच्या आधी कुणी घसरून पडलं तर त्याचा जाब तुला द्यायचा आहे. बॅगेत एक फडकं ठेव आणि स्वतः पुस. प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात वजू करायचे, असं बुखारीत आहे. मुद्द म्हणजे साधारण पाऊण लिटरचं माप. कोंढव्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसणाऱ्या सोसायटीत राहून आपण नळ सोडून दाढी-हात धुतो, तेव्हा ही हदीस आठवायला हवी. एक तांब्या भरून घे आणि त्यात वजू करून बघ, पुरतं.

कुरआनातल्या सूरह जुमामध्ये अल्लाह म्हणतो की नमाज झाली की जमिनीवर पांगा, अल्लाहचा फजल (कृपा) शोधा आणि त्याची आठवण ठेवत राहा. म्हणजे मशिदीतून बाहेर पडून कामाला लागायचं तेही हुकमानेच, आणि त्या कामातही त्याला विसरायचं नाही. म्हणून तुझ्या ऑफिसातले नऊ तास मी दीनातून वजा करायला तयार नाही. उलट जास्त विचार त्यांचाच करायला हवा.

मी उमेदीची सारी वर्षं भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये, एका वखारीत हिशेब लिहिण्यात घालवली. सागाची फळी ओली असली, तरी रंधा मारला की वाळलेल्या फळीसारखीच देखणी दिसते. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. दरवाजा बसतो, उन्हाळा येतो, फळी आकसते, पिळते आणि सांध्यांत फटी पडतात. आमचे मालक फारसे शिकलेले नव्हते. ओला माल आला की ते गेरूने फळीच्या तोंडावर मोठ्या अक्षरांत ‘ओली’ असं लिहायचे आणि ती थप्पीच्या वर ठेवायला लावायचे. हमाल सवयीने ती खाली सरकवायचा, मालक पुन्हा वर काढायला लावायचे. भाव कमी मिळायचा. शेजारच्या वखारीवाले म्हणायचे, चाचा, अशाने धंदा बसेल. धंदा बसला नाही, पण त्यासाठी ते असं करत नव्हते. मशिदीत ऐकलेली एक हदीस त्यांच्या मनात घट्ट बसली होती. प्रेषित (स.) बाजारातून जाताना धान्याच्या ढिगात हात घालतात, बोटांना ओल लागते. विचारतात, हे काय? व्यापारी म्हणतो, पाऊस लागला. मग लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस? जो फसवतो तो माझा नाही.

तुझ्या पत्रातला एक तपशील मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला, तू तो सहज लिहून गेलास. सॉफ्टवेअर रिलीजच्या आदल्या रात्री टीम लीड सांगतो, की ज्या टेस्ट केस, म्हणजे तपासण्या, चालवायला वेळ मिळाला नाही त्यांच्यापुढेही ‘पास’ लिहून टाक, नंतर बघू. आणि सगळे लिहितात. बेटा, ती ओली फळी थप्पीखाली सरकवणं आहे. त्या रिपोर्टवर भरवसा ठेवून पलीकडे कुणीतरी निर्णय घेणार आहे. तू ‘चालवली नाही’ असं लिही, कारण लिही, किती वेळ लागेल तेही लिही, आणि लीडला आधी तोंडी सांग, म्हणजे त्याला चारचौघांत खाली बघावं लागणार नाही. त्याने स्वतः बदलून ‘पास’ केलं तर ते त्याच्या खाती. तुझ्या हाताने नको. यात अप्रेझलला फटका बसू शकतो, हे मला कळतं. बसला तरी लिही.

खोटं अनुभवपत्र लावून नोकरी मिळवण्याचंही तेच. तुझ्या मित्राने लावलं, त्याचं बरं चाललं आहे, हे वाचलं. त्याच्यासाठी दुआ कर, त्याचा धडा गिरवू नकोस.

सूरह मुतफ्फिफीनची सुरुवात माप मारणाऱ्यांवर आहे. लोकांकडून मोजून घेताना पुरेपूर घेतात, देताना कमी देतात, त्यांचा सत्यानाश. ऐकताना आपल्याला तराजू आणि वाणी दिसतो. पण महिन्याचा पगार पुरा घ्यायचा आणि घरून काम करताना लॅपटॉप उघडा ठेवून झोपायचं, हेही त्याच मापात येतं, असं मला वाटतं. तुझ्या हाताखाली दोन नवी मुलं आली आहेत ना, त्यांनी केलेलं काम मीटिंगमध्ये त्यांच्या नावाने सांगणं, हेही मापाने देणंच.

घराचं थोडक्यात लिहितो. प्रेषित (स.) घरात काय करायचे, असं विचारल्यावर हजरत आयशांनी (र.) सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असायचे आणि नमाजेची वेळ झाली की बाहेर पडायचे. तू रात्री दमून येतोस हे खरं, पण अम्मीही दमलेली असते. ताट तरी उचलत जा.

सोसायटीच्या ग्रुपवर आलेला कुठलाही मेसेज पुढे ढकलण्यापूर्वी सूरह हुजुरात काढून वाच. त्यातली सहावी आयत (वचन) सांगते की कुणी अवज्ञाकारी खबर घेऊन आला तर शहानिशा करा, नाहीतर अजाणता कुणाचं तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल. बाराव्या आयतीत पाठीमागे निंदा करण्याची तुलना मेलेल्या भावाचं मांस खाण्याशी केली आहे. अमक्या धर्माचे लोक असेच, तमक्या गल्लीचे तसेच, असे मेसेज दोन्हीकडून येतात. तुझ्याकडून एकही जायला नको, आपल्या बाजूचा असला तरी. आणि शुक्रवारी जुम्याला उशीर झाला म्हणून कुणाच्या गेटसमोर गाडी लावून जाऊ नकोस. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हा ईमानाचाच एक भाग आहे, असं हदीसमध्ये आहे, आणि आपण खुतबा ऐकायला जाताना रस्त्यात वस्तू ठेवून जातो! वखारीपासून पालखी विठोबाचं देऊळ जवळ. माउलींची पालखी तिथे मुक्कामाला असली की आमचे मालक वारकऱ्यांसाठी पाण्याचे पिंप भरून ठेवायचे, आणि आपली गाडी त्या दिवशी रस्त्यावर आणायचे नाहीत. त्यावर ते कधी भाषण करत नसत.

आता पैशाचं. मित्राला दिलेले चाळीस हजार परत येत नाहीत आणि मागायला लाज वाटते, असं लिहिलंस. कुरआनातली सगळ्यांत लांब आयत उसनवारीवर आहे, सूरह बकराची २८२ वी. कर्ज लहान असो की मोठं, मुदतीसह लिहून ठेवा, लिहायचा कंटाळा करू नका, साक्षीदार ठेवा. जवळच्या मित्राला देतानाही लिहायचंच, त्यात अविश्वास नाही. आता निदान मेसेजवर दोघांनी रक्कम आणि तारीख कबूल करा. त्याआधीची २८० वी आयतही वाच, देणेकरी अडचणीत असेल तर हात मोकळा होईपर्यंत त्याला सवड द्या. तो खरंच अडचणीत आहे की नवा फोन घेऊन फिरतो आहे, हे तुलाच ठाऊक.

व्याजाबद्दल मी फतवा देणार नाही, तो माझा अधिकार नाही. क्रेडिट कार्ड ठेवलंच असेल तर बिल पुरं आणि तारखेआधी भर. फोनसाठी हप्ते करू नकोस, जुना चालतो आहे. घराच्या कर्जाचे कागद घेऊन जाणत्या मुफ्तींकडे जा, आकड्यांसह विचार. मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या व्हिडिओवरून ठरवू नकोस. बचत खात्यावर जमा झालेलं व्याज सवाबाची, म्हणजे पुण्याची, नियत न करता गरजूला देऊन टाकावं, असं आपल्याकडचे बहुतेक उलेमा सांगतात.

जकातीत तू दोन ठिकाणी चुकतो आहेस, आणि दोन्ही सुधारता येतात. पहिलं मापाचं. हनफी पंथाच्या हिशेबाने निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. लक्ष्मी रोडवरचा सराफ आज तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतो, निसाबाचा तोळा जुना, ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे सोनं सुमारे ८७ ग्रॅम, चांदी सुमारे ६१२ ग्रॅम. तुझ्याकडे सोनं, रोकड, फंड सगळं मिळून आहे, तेव्हा चांदीच्या निसाबाने बघ. त्यात तू नक्कीच बसतोस. निघणारी रक्कम चाळिसावा हिस्सा, लाखाला २,५०० रुपये.

दुसरं तारखेचं. तू ३१ मार्चला हिशेब करतोस, कारण कंपनीचं वर्ष तसं. जकातीचं वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवस मागे राहिलास की तेहतीस वर्षांत एका अख्ख्या वर्षाची जकात, म्हणजे गरिबाचा हक्क, तुझ्याकडेच राहून जाईल. निसाबाइतकी रक्कम पहिल्यांदा कधी जमली ते पासबुकात शोध, त्या दिवशी हिजरी तारीख कोणती होती ते बघ, आणि ती मोबाइलवर लावून ठेव. नक्की सापडली नाही तर अंदाजाने एक ठरव आणि मग ती बदलू नकोस.

बँकेचं स्टेटमेंट, फंडाचं स्टेटमेंट आणि अम्मीच्या दागिन्यांच्या पावत्या घेऊन एखाद्या रविवारी जोहरनंतर ये. दागिने अम्मीच्या मालकीचे आहेत की तुझ्या, हे तिला विचारून ये, त्यावर हिशेब बदलतो. मागच्या वर्षांची बाकी किती राहिली तेही बसून काढू.

अम्मीला सलाम सांग.

खुदा हाफिज,
तुझा चाचा