आयजीएफला गेम पाठवताय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

इंडिपेन्डन्ट गेम्स फेस्टिव्हल, म्हणजेच आयजीएफ, ही स्पर्धा १९९८ पासून चालू आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये तिचा सोहळा होतो, बहुधा मार्चमध्ये. मुख्य पुरस्काराला गेम डेव्हलपर शेमस मॅकनॅली यांचं नाव आहे. व्हिज्युअल आर्ट, ऑडिओ, डिझाइन, नॅरेटिव्ह आणि चाकोरीबाहेरच्या प्रयोगांसाठी नुओव्हो असे वेगळे विभाग आहेत, विद्यार्थ्यांसाठीही एक पुरस्कार आहे. गेल्या काही दिवसांत आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या गेमच्या दहापैकी चारच लेव्हल्स झाल्या आहेत. आत्ताच पाठवावा, की वर्षभर थांबावं? (नाशिक)

गेम अपूर्ण असल्यानं काही अडत नाही. ‘मोनॅको’ला २०१० मध्ये मुख्य पुरस्कार मिळाला, गेम बाजारात आला २०१३ मध्ये. ‘आउटर वाइल्ड्स’ २०१५ मध्ये जिंकला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पण जेवढं पाठवाल तेवढं नीट शिजलेलं हवं. चार कच्च्या लेव्हल्सपेक्षा दोन पक्क्या पाठवा. दुसरी संपली की ‘इथपर्यंतच तयार आहे’ अशी पाटी दाखवा आणि मेन्यूवर परत आणा. मधेच काळा पडदा आला, तर परीक्षक तो बग समजणार.

पुढच्या वर्षी तोच गेम पुन्हा पाठवायचा विचार असेल, तर त्या वर्षीची नियमावली आधी वाचा. ‘फेझ’ला २००८ मध्ये व्हिज्युअल आर्टचा आणि २०१२ मध्ये मुख्य पुरस्कार मिळाला, तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती.

प्रश्न : आमच्याकडे गेम छान चालतो. पण एका स्पर्धेच्या एका परीक्षकानं ‘सुरूच होत नाही’ असं कळवलं, दुसऱ्यानं ‘भलताच वेगात पळतो’ असं. गेम युनिटी या गेम-इंजिनात केला आहे. (पुणे)

दोघंही खरं बोलत असणार.

आधी ‘सुरूच होत नाही’ बघू. युनिटीची एक्झी, म्हणजे गेम सुरू करणारी, फाइल एकटी चालत नाही. तिच्या शेजारी त्याच नावाचा ‘डेटा’ फोल्डर आणि युनिटीप्लेअर डीएलएल ही जोडफाइल लागते, बिल्ड (म्हणजे खेळायला तयार केलेली गेमची प्रत) युनिटीच्या आयएल-टू-सीपीपी पद्धतीनं केला असेल तर गेमअसेम्ब्ली डीएलएलही. तुम्ही सगळं झिपमध्ये घातलं असेल, तरी परीक्षक झिप न सोडता आतल्या एक्झीवर दोनदा क्लिक करतो. मग विंडोज तेवढी एकच फाइल तात्पुरत्या जागी काढतं आणि शेजारच्या फाइल्स सापडत नाहीत म्हणून गेम बंद पडतो. ‘आधी पूर्ण झिप सोडा’ हे वाक्य सूचनांमध्ये सगळ्यात वर टाका. ज्या फोल्डरच्या नावातच ‘गेमबरोबर पाठवू नका’ असं लिहिलेलं असतं, तेवढा वगळा. डिजिटल सही न केलेल्या एक्झीवर विंडोजचा निळा इशारा येतो. तिथे ‘मोअर इन्फो’ आणि मग ‘रन एनीवे’ दाबायचं, हेही लिहा. विंडोजवर केलेल्या झिपमधून मॅकच्या बिल्डची चालवण्याची परवानगी गळून पडते, त्यामुळे तपासायला मॅक हाताशी नसेल तर मॅकचा बिल्ड पाठवूच नका.

एवढा व्याप टाळायचा असेल तर स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाची ‘की’, म्हणजे गेम उघडायचा कोड, द्या. तिथे एका ॲपचं, म्हणजे गेमचं, शुल्क १०० डॉलर आहे, विक्री १,००० डॉलरवर गेली की ते परत मिळतं. गेम प्रसिद्ध व्हायच्या आधीही चाचणीसाठी कीज मागता येतात.

आता वेगाकडे येऊ. पहिला संशय फ्रेमरेटवर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) दिसतात त्यावर. हालचाल दर फ्रेमला ठरावीक अंतर अशी लिहिली असेल, तर ६० हर्ट्झवर बेतलेलं पात्र १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर २.४ पट वेगानं धावतं. अंतर दर सेकंदाचं धरा आणि त्याला डेल्टाटाइमनं, म्हणजे दोन फ्रेममधल्या वेळेनं, गुणा. व्हीसिंक (फ्रेमरेट मॉनिटरशी जुळवणारी सोय) बंद करून टार्गेट फ्रेमरेट आधी ३० आणि मग १४४ ठेवा आणि एकाच भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जायला लागणारा वेळ मोजा. दोन्ही वेळा तो सारखाच आला पाहिजे. व्हीसिंक चालू ठेवलं तर टार्गेट फ्रेमरेटकडे युनिटी बघतच नाही आणि ही चाचणी फुकट जाते.

दुसरा संशय फारसा कुणाला येत नाही. सेटिंग्ज किंवा सेव्ह फाइल मजकूर म्हणून लिहून ती फ्लोट-पार्सनं (मजकुराचा दशांश आकडा करणाऱ्या आज्ञेनं) वाचता का? जर्मनीत दशांश चिन्ह स्वल्पविराम असतं आणि टिंब हजारांसाठी. त्यामुळे तुमचं १.५ तिथल्या संगणकावर १५ असं वाचलं जातं. कुठलीही चूक दिसत नाही, पात्र नुसतं दहापट वेगानं सुटतं. लिहिताना आणि वाचताना दोन्हीकडे इन्व्हेरियंट कल्चर द्या, म्हणजे आकडे सगळीकडे एकाच पद्धतीनं वाचले जातील. स्वतःच्या संगणकाच्या सेटिंग्जमध्ये प्रदेश (रीजन) जर्मन करून एकदा गेम चालवा, हे पाच मिनिटांत कळतं.

प्रश्न : परीक्षक गेम शेवटपर्यंत खेळतात का? (सांगली)

ते धरून चालू नका. सुरुवातीला उद्योगातले बरेच परीक्षक आपापल्या जागी बसून खेळतात आणि शिफारशी करतात, मग त्या त्या विभागाची ज्युरी अंतिम यादी ठरवते. प्रत्येकाच्या वाट्याला बरेच गेम असतात. तेव्हा लोगो आणि प्रस्तावना एका बटणात वगळता यावी, लेव्हल निवडता यावी आणि गेमची खरी गंमत तिसऱ्या तासाला येणार असेल तर तिथली सेव्ह फाइल जोडावी. अडलेल्यासाठी उत्तरांचं एक पान द्या. कोडी सुटली नाहीत म्हणून गेम बंद झाला, तर त्यात तुमचंच नुकसान.

प्रश्न : गेमची भाषा मराठीच ठेवायची आहे. चालेल का? (कोल्हापूर)

संवाद मराठीत जरूर ठेवा, पण संपूर्ण इंग्रजी मजकुराची सोय हवीच, नाहीतर परीक्षकाला काहीच कळणार नाही. २०२४ चा मुख्य पुरस्कार मिळवणारा टोरांटोचा ‘वेण्बा’ हा कॅनडात गेलेल्या तमीळ कुटुंबाचा आणि त्यांच्या स्वयंपाकाचा गेम आहे. तो इंग्रजीत वाचता येतो, पण त्यातलं तमीळपण कुठे पुसलेलं नाही. तुम्हीही आत्याला ‘आंट’ करू नका, आत्याच ठेवा.

खरी डोकेदुखी अक्षरांची आहे. युनिटीत मजकूर दाखवणारं टेक्स्टमेशप्रो अक्षरं नुसती एकापुढे एक मांडतं, त्यामुळे ‘कि’ची वेलांटी क च्या पलीकडे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात. शीर्षकं आणि पाट्या थोड्याच असतील तर त्या इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करून चित्र म्हणून लावा. संवाद भरपूर असतील तर गोडो ४ हे दुसरं गेम-इंजिन बघा, त्यात अक्षरं जुळवणारं हार्फबझ असल्यामुळे देवनागरी नीट जुळते. फॉन्ट मुक्त परवान्याचा घ्या, उदाहरणार्थ ‘मुक्ता’.

प्रश्न : गेममध्ये तुकोबांच्या अभंगाचं जुनं ध्वनिमुद्रण वापरलं आहे. अभंगावर कुणाचा हक्क नसतो ना? (सोलापूर)

शब्दांवर नसतो. चाल आणि ध्वनिमुद्रण मात्र वेगळी. भारतात चालीवरचा हक्क संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं आणि ध्वनिमुद्रणावरचा प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो. अमेरिकेतला हिशोब आणखी वेगळा. ओळखीच्या गायकाकडून पारंपरिक किंवा नव्या चालीत गाऊन घ्या आणि गेम, ट्रेलर, थेट प्रक्षेपण या तिन्हींसाठी लेखी परवानगी घ्या. प्रक्षेपणाचा उल्लेख हमखास राहून जातो.

प्रश्न : समजा अंतिम यादीत नाव आलं, तर तयारी काय करावी? (ठाणे)

व्हिसाची, आणि तीही नाव येण्याआधी. यादी साधारण जानेवारीत येते, सोहळा मार्चमध्ये. अमेरिकेच्या बी-१/बी-२ (कामानिमित्त भेट आणि पर्यटन) व्हिसाच्या मुलाखतीची तारीख तेवढ्यात मिळेलच असं नाही. गेम पाठवला त्याच आठवड्यात डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज भरा.

कॉन्फरन्समधल्या स्टॉलवर दाखवायचा बिल्ड वेगळा करा. डेमो ५ ते ८ मिनिटांचा ठेवा, मिनिटभर कुणी हात लावला नाही तर तो आपोआप पहिल्या पडद्यावर यावा आणि ‘क्विट’ काढून टाका. कंट्रोलर वायरचे दोन न्या, कारण गर्दीच्या हॉलमध्ये ब्लूटूथ तुटत राहतं. हेडफोनही न्या, त्या गोंगाटात स्पीकरचं काहीच ऐकू येत नाही. तिथला वीजपुरवठा १२० व्होल्टचा. लॅपटॉपच्या चार्जरवर १००-२४० असं छापलेलं असेल तर तो चालतो, पण आपला जाड तीन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. ॲडॉप्टर दोन घ्या, एक मॉनिटरसाठी.