ऑर्किड लावणाऱ्याला वनस्पतिशास्त्रातले कोणते शब्द माहीत असावेत?

पहिला शब्द अपिवनस्पती, म्हणजे दुसऱ्या झाडावर नुसती बसणारी, त्याचा रस न ओढणारी वनस्पती. तो पाठ करून भागत नाही, अंगात मुरावा लागतो. नाहीतर ऑर्किडच्या नादी लागू नये, हे माझं स्पष्ट मत.

आमचं शेत किनवटकडं. बांधावरच्या आंब्यावर रास्ना होती, म्हणजे व्हँडा टेसेलाटा हे ऑर्किड. पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी जाळी, ओठ जांभळट. थोरले काका एका उन्हाळ्यात कोयता घेऊन चढले. "बांडगूळ हाय ते. मोहोर कमी आला तो ह्याच्यामुळं."

मी म्हटलं, "काका, मूळ तर बघा." एक मूळ नखानं उचकटून दाखवलं. खाली साल धडधाकट, कुठं भोक नाही. बांडगुळाचं मूळ लाकडात घुसून रस ओढतं, हे नुसतं वर बसतं. मग मुळावर पाणी ओतलं. पांढरंफटक मूळ बघता बघता हिरवं झालं. ते पांढरं आवरण म्हणजे व्हेलामेन, मेलेल्या पेशींचा थर. पाणी टिपून घेतो आणि ओला झाला की आतला हिरवा रंग दिसतो. काका म्हणाले, "शिकलास म्हणून आम्हाला शिकवू नको," आणि रास्ना खरवडली. त्याच आंब्याच्या शेंड्याला नारिंगी फुलांचं खरं बांडगूळ होतं, ते तसंच राहिलं. एवढ्या वर चढतंय कोण!

बाकीचं थोडक्यात. व्हँडा, फॅलेनॉप्सिस मोनोपोडियल, एकाच शेंड्यानं वाढतात, म्हणून शेंड्यात पाणी साचू देऊ नका. डेंड्रोबियम सिम्पोडियल, नवा फुटवा बुडातून येतो. त्याच्या पानं झडलेल्या जुन्या कांड्या छाटू नका. ते स्यूडोबल्ब, पाण्याचा नि अन्नाचा साठा. लॅबेलम म्हणजे फुलाचा ओठ, कॉलम म्हणजे पुंकेसर-स्त्रीकेसर जुळून झालेला फुलातला खांब; हे शब्द जात ओळखायला लागतात, जगवायला नाही.

आपल्याकडच्या उन्हात व्हेलामेन पांढरं दिसलं की पाणी द्या, हिरवं असताना थांबा. कुंडीत काळी माती भरणाऱ्याला मी रोपच देत नाही. कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणं घाला.

हां, सगळीच ऑर्किडं झाडावरची नसतात. हॅबेनारिया मातीत वाढते, तिला माती लागतेच. आणि रानातली रास्ना ओरबाडून आणू नका, रोपवाटिकेतलं रोप घ्या.

राहिला मोहोर. आंब्याच्या कितीतरी जाती मुळात एक वर्षाआड धरतात. त्याचं खापर रास्नेवर फोडायचं काही कारण नाही.