डंडीला एमएस्सीसाठी जातोय. स्कॉटिश लोकांचं बिघडलेलं इंग्रजी आधीच शिकून जावं का?

माझ्या भाच्याएवढा असशील, म्हणून अरे-तुरे करते. यादी पाठ करून येऊ नकोस. वर्गात तुझं अडणार नाही. अडेल ते बसमध्ये, बेकरीत आणि पार्टटाइम कामावर. पण ते 'बिघडलेलं' डोक्यात गेलं, म्हणून लिहायला बसले.

माझ्या दिरांचंही हेच मत. ते लंडनला असतात. एका जानेवारीत आमच्याकडे डंडीला आले होते. 25 जानेवारी हा कवी रॉबर्ट बर्न्सचा जन्मदिवस, त्यामुळे त्या सुमाराला इथल्या शाळांत पोरांना स्कॉट्स कविता पाठ करायला देतात. लेक स्वयंपाकघरात बर्न्सची उंदरावरची कविता घोकत होती. 1785 सालची आहे. नांगराच्या फाळानं बीळ मोडलं म्हणून शेतकरी उंदराची माफी मागतो. भाऊजी म्हणाले, "शाळेत असलं गावंढळ शिकवतात? हिचं इंग्रजी नासेल."

तेवढ्यात जिन्यावरच्या शेजारीण आजी दारात. "ऐम अवा फॉर द मेसेजेस, हेन. नीडिन ओनीथिंग?" भाऊजींनी आपला फोन बाहेर काढला! लेक खो-खो हसत सुटली. मेसेजेस म्हणजे बाजारहाट, वाणसामान. मी आजींना दूध सांगितलं. त्या गेल्यावर भाऊजी म्हणतात, "सरळ शॉपिंग म्हणायला काय होतं यांना?"

हा सूर माझ्या ओळखीचा. मी कुडाळची, सासर पुण्याचं. नवी नवरी असताना तोंडून 'मी इलंय' निघालं की घरभर हशा, आणि भाऊजींचा सगळ्यांत मोठा. तेव्हा गप्प बसले. त्या दिवशी नाही बसले.

म्हटलं, ही स्कॉट्स भाषा लंडनच्या इंग्रजीतून बिघडून झालेली नाही. दोघी जुन्या इंग्रजीच्याच लेकी, वेगळ्या घरी वाढलेल्या. स्कॉटलंडचा राजदरबार हीच बोलायचा. 1603 साली इथला राजा सहावा जेम्स लंडनच्या गादीवर बसला, दरबार त्याच्यामागून गेला आणि हिची पत घसरत गेली. पुढे शाळेत ही बोलली म्हणून पोरांनी मार खाल्ला. तरीही 2022 च्या जनगणनेत 15 लाखांवर लोकांनी स्कॉट्स बोलता येतं असं नोंदवलं, आणि 2025 च्या कायद्यानं गेलिक या इथल्या दुसऱ्या भाषेबरोबर तिलाही अधिकृत दर्जा दिला. हे शेवटचं भाऊजींना फोनवर कळवलं, तर म्हणाले, "सगळं राजकारण." असेल. मराठीचा अभिजात दर्जा काय आभाळातून पडला?

बरं, तुझ्या कामाचं. कुणी नुसतंच 'हाउ?' म्हणालं तर तो 'का?' विचारतोय. 'व्हेअर डू यू स्टे?' म्हणजे घर कुठं. हॉटेलचं नाव सांगू नकोस. 'बॅक ऑफ फाइव्ह'ला बोलावलं तर पाच वाजून गेल्यावर थोड्या वेळानं जा. 'आय डाउट इट'ल रेन' ऐकलंस तर छत्री घे, कारण बोलणाऱ्याच्या मते पाऊस येणार आहे. डबा खाताना 'पीस' म्हणजे सँडविच. बेकरीत 'पेह' म्हणजे इंग्रजीतला 'पाय' (pie), सारण भरून भाजलेला पदार्थ; हा खास डंडीचा उच्चार. आणि कळलं नाही तर सरळ परत विचार. हसून मान डोलवू नकोस, आमच्याकडचे नवे पाहुणे तेच करतात आणि फसतात.

त्यांचा हेल मात्र पहिल्या दिवसापासून काढायला जाऊ नकोस, चेष्टा करतोयस असं वाटतं. 'आय' (म्हणजे हो) आणि 'वी' (म्हणजे छोटं) आपोआप तोंडात बसतात. असाइनमेंटमध्ये यातलं काही नको. 'आउटविथ' (म्हणजे बाहेर, व्यतिरिक्त) तेवढं चालतं, इथल्या सरकारी पत्रांतही असतं.

आणि हो, हे सगळं डंडीच्या हिशेबानं सांगितलं. लहान मुलाला इथं 'बेर्न' म्हणतात, ग्लासगोत त्याचं 'वेन' होतं, अ‍ॅबर्डीनला तर 'व्हॉट'चं 'फिट' आणि 'व्हेअर'चं 'फार'. तिकडे नोकरी लागली तर कान पुन्हा नव्यानं तयार करावे लागतील.