थायरॉईड कॅन्सर काही देशांतच एवढा का वाढलेला दिसतो? आणि गाठीचा प्रकारही प्रदेशाप्रमाणे बदलतो का?

मी पॅथॉलॉजीत काम करते, गाठी मायक्रोस्कोपखाली बघणं हेच रोजचं काम. त्यामुळे खरं तर तुमच्या प्रश्नाचा दुसरा भागच मला जास्त आवडला, पण आधी कोरियाबद्दल सांगते, नाहीतर बाकीचं नीट कळणार नाही.

दक्षिण कोरियात १९९९ ला सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली, त्यात थायरॉईड नव्हताच. पण हॉस्पिटलवाले थोडे जादा पैसे घेऊन गळ्याची सोनोग्राफी करून द्यायला लागले आणि लोकही आलोच आहोत तर करून टाकू म्हणून करायला लागले, आणि २०११ पर्यंत नवीन केसेसचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. पंधरा पट! आणि मृत्यूदर जवळपास होता तिथेच. मग २०१४ ला तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीरपणे सांगितलं की त्रास नसलेल्यांची ही तपासणी थांबवा, तर वर्षभरात ऑपरेशनं साधारण एक तृतीयांशाने कमी झाली. आता खरोखरचा रोग काय असा पत्रक काढून कमी होतो का?

वाढलेल्या जवळपास सगळ्या केसेस पॅपिलरी प्रकारच्या (थायरॉईड कॅन्सरचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार), त्यातही बऱ्याच १ सेंटीमीटरच्या आतल्या. हा प्रकार इतका संथ असतो की माणूस म्हातारा होऊन दुसऱ्याच कशाने तरी जातो आणि ही गाठ तशीच असते. फिनलंडमध्ये १९८५ च्या एका अभ्यासात १०१ शवविच्छेदनांत थायरॉईड बारीक काप करून तपासले, तर ३६ जणांत पॅपिलरी कॅन्सर सापडला, जिवंतपणी कुणाला पत्ताही नव्हता. म्हणजे शोधाल तेवढे सापडतील. अमेरिकेतही तेच, १९७५ ला लाखात ४.९ आणि २००९ ला १४.३, मृत्यू मात्र लाखात ०.५ च्या आसपासच.

आता प्रकार. जिथे आहारात आयोडीन कमी, गलगंड जास्त, तिथे फॉलिक्युलर या दुसऱ्या प्रकाराचा वाटा मोठा असतो आणि ॲनाप्लास्टिकही (हा सगळ्यात वाईट) तुलनेने जास्त दिसतो. आयोडीनयुक्त मीठ आलं की हे दोन्ही मागे पडतात आणि पॅपिलरीचा टक्का वर जातो. यावरून कुणीतरी "मिठाने कॅन्सर होतो" असं फॉरवर्ड फिरवतं, कृपया त्याच्या नादी लागू नका, उलट वाईट प्रकार कमी होतात.

रेडिएशनमुळे खरोखर वाढ झाली ती चेर्नोबिलच्या अणुभट्टीतल्या स्फोटानंतर. १९८६ ला बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या पश्चिम भागात आयोडीन-१३१ (किरणोत्सर्गी आयोडीन) गवतावर पडलं, गायींनी ते खाल्लं, मुलांनी दूध प्यायलं, आणि चारपाच वर्षांतच लहान मुलांमध्ये पॅपिलरी कॅन्सर दिसायला लागले. मुलांमध्ये हा एरवी अगदी दुर्मिळ, म्हणून ती वाढ लपली नाही. जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर पण मुलांमध्ये बरेच सापडले, पण तिथे जवळपास ३ लाख मुलांची सोनोग्राफी केली होती आणि डोस खूपच कमी होता, त्यामुळे संयुक्त राष्ट्रांच्या समितीचं म्हणणं असं की ते मुख्यतः तपासणीमुळेच. आणि केरळच्या करुणागप्पळ्ळी किनाऱ्यावर मोनाझाइट या किरणोत्सर्गी खनिजाच्या वाळूमुळे नैसर्गिक रेडिएशन बरंच आहे, तरी त्यामुळे कॅन्सर वाढल्याचं तिथल्या मोठ्या अभ्यासात दिसलं नाही, लोक हे उदाहरण हमखास चुकीचं देतात.

आकडे आमच्यामुळेही हलतात बरं का. पॅपिलरीचाच एक पूर्ण कवचात बंद असलेला, कुठेही न घुसणारा उपप्रकार होता, २०१६ ला त्याच्या नावातून कॅन्सर शब्दच काढून टाकला. त्यामुळे दोन देशांची किंवा दोन दशकांची तुलना करताना नुसती केसेसची संख्या बघू नका, गाठीचा आकार, प्रकार आणि मृत्यूदर शेजारी ठेवून बघा.

मेड्युलरी या आणखी एका प्रकाराला मात्र हे सगळं लागू नाही. तो वेगळ्याच पेशींतून येतो, आयोडीनशी संबंध नाही, आणि साधारण चारातला एक आनुवंशिक असतो, RET जीनमधल्या बदलामुळे. घरात कुणाला झाला असेल तर प्रदेश वगैरे सोडा, सरळ जेनेटिक टेस्टबद्दल डॉक्टरांना विचारा.